मीच घातलेली कुलपे

मित्रांनो, मी एक कॉम्प्युटर आहे, आणि माझ्या जातीच्या मानाने चांगलाच म्हातारा. माझे वय अकरा वर्षे. या वयात तुम्ही शाळेत असता. माझ्यासारखे बहुतेक जण मात्र भंगारात गेलेले असतात. मी अजून कामावर आहे, आणि कामही असे की ते सांगताना मला जरा ऐटच वाटते. मी चौदा गायींची वंशावळ सांभाळतो.

माझी जुळणी नगरच्या एका दुकानात झाली. तेव्हा जिल्ह्यालाही सगळे नगरच म्हणत. सोनईच्या राजेश्वरीने बारावीनंतर दोन वर्षे मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि त्या पैशांतून मला विकत घेतले. पुढे तिचे लग्न संगमनेर तालुक्यात ठरले. रुखवतात करंज्यांची उतरंड आणि काड्यापेट्यांचे मंदिर यांच्या मधोमध मला मांडले होते. पाहुणे वाकून पाहायचे आणि विचारायचे, "टीव्ही लई छान हाय, कंचा हाय?" कोणीतरी माझ्या डोक्यावर अक्षताही टाकल्या. त्यांतले दोन दाणे पुढची कित्येक वर्षे माझ्या पंख्याजवळ अडकून होते.

अशा रीतीने मी या वस्तीवर आलो. घर रस्त्यापासून आत, शेताच्या मध्ये. मला जागा मिळाली ती बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. खिडकीपलीकडे गोठा. राजेश्वरीचा नवरा कल्याण दुधाचा टँकर चालवतो, त्यामुळे आठवड्याचे चार-पाच दिवस तो बाहेर असतो. घरी सासरे सूर्यभान, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, आणि धाकटा दीर ओंकार. गोठा खऱ्या अर्थाने राजेश्वरीचाच.

पहिली दोन वर्षे माझ्यावर सिनेमे पाहिले गेले. मग एकदा एका गायीला अशक्त, वेडेवाकडे वासरू झाले. डॉक्टरांनी विचारले, "हिला कोणत्या वळूच्या रेताची कांडी भरली होती? हिचा बाप कोण? दोघे एकाच रक्ताचे तर नाहीत?" कोणालाच सांगता येईना. त्या संध्याकाळी राजेश्वरीने माझ्यावर एक तक्ता आखला. गायीचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, आई, बाप, जन्मतारीख, माजावर आल्याची तारीख, भरवल्याची तारीख, व्यायची अपेक्षित तारीख, आजार, औषध. एका गायीला एक रांग. नऊ वर्षांत रांगा वाढत गेल्या. माणसांची नावे विसरणारे तात्याही गायीचे काही विचारायचे असले की खिडकीतून ओरडायचे, "सूनबाई, जरा कॉम्प्युटरला इचार!"

मला तो हुद्दा फार आवडायचा.

कोणीही मला काही विचारले, की मी खरे ते सांगायचो. माझा स्वभावच तसा. मला सांगाल ते मी करतो, आणि सांगणारा कोण आहे हे मला दिसत नाही. परवानगी मिळाली की माझ्या लेखी तो मालक. हा माझा गुण आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

आता कवडीबद्दल सांगतो. कवडी म्हणजे काळी-पांढरी, अंगावर कवड्यांसारखे ठिपके असलेली गाय. इथेच जन्मलेली. तालुक्याच्या दूध-स्पर्धेत तिने पहिला नंबर काढला होता. पण मागच्या वेताला तिच्या वासराचा एक पाय पोटात मागे दुमडलेला राहिला. डॉक्टर सहादेव तीन तालुक्यांतून फिरत असतात. कळा सुरू झाल्यावर फोन केला, ते पोचायला पाच तास लागले. वासरू गेले, आणि कवडी कशीबशी वाचली. डॉक्टर निघताना म्हणाले होते, "पुढच्या वेताला मला पंधरा दिवस आधी तारीख कळवा. मी त्या दिवशी इथंच थांबेन. हिच्या बाबतीत ऐन वेळी फोन चालणार नाही."

तारीख माझ्याकडे होती. कवडी या वेळी पहिल्या खेपेला राहिली नव्हती. एकदा उलटली, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आली, दुसऱ्यांदा उलटली, मग तिसऱ्या खेपेला गाभण राहिली. प्रत्येक खेपेत एकवीस दिवसांचे अंतर. कोणती खेप कोणत्या महिन्यात, हे चौदा गायींच्या गर्दीत कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी तर मी होतो.

आणि मार्च महिन्यात ओंकारला फ्लेक्सची हौस आली.

शेजारच्या वस्तीवर एकाने आपल्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाट्यावर लावला होता. ते पाहून ओंकार घरी आला तोच फणफणत.

"वहिनी, तो बैल शर्यतीत पाचवा आलाय, पाचवा! अन् त्याचा दहा बाय आठचा फ्लेक्स. आपली कवडी पैली हाय. वीस तारखेला तिचा वाढदिवस. तुमच्याच तक्त्यात हाय."

तात्या दारात बसून दोर वळत होते. ते म्हणाले, "माझी साठी झाली तव्हा फ्लेक्स सोड, नारळ बी न्हाई फुटला. अन् गायीचा वाढदिवस!"

"तात्या, तुमी दिसाला बत्तीस लिटर दूध देता का?"

"न्हाई बाबा," तात्या हसत म्हणाले. "मला च्यापुरतं मिळालं तरी लई झालं."

फ्लेक्सचे डिझाइन स्वतःच करायचे, असे ओंकारने ठरवले. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम विकतचा होता. एका व्हिडिओखाली तोच प्रोग्रॅम 'फुकट' मिळेल अशी लिंक होती. मंगळवारी दुपारी त्याने मोबाईलचे नेट मला जोडले आणि ती लिंक उघडली. कवडीचे फोटो एका छोट्या डिस्कवर होते, म्हणून तीही माझ्या कुशीला लावली. मित्रांनो, ती डिस्क साधी नव्हती. दर अमावास्येला या वस्तीवर शेतीच्या कामाला सुट्टी असते. त्या दिवशी राजेश्वरी माझ्यातल्या सगळ्या फायलींची एक प्रत तिच्यावर करायची आणि ती कपाटात ठेवून द्यायची. माझे काही बरेवाईट झाले तर उपयोगी पडावी म्हणून.

लिंकवर एक सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो. अँटिव्हायरस म्हणजे माझ्या दारावरचा राखणदार. त्याने लाल चौकट दाखवून सांगितले, हे धोक्याचे आहे. ओंकारने त्याला बंद केले. मी विचारले, 'या प्रोग्रॅमला बदल करण्याची परवानगी द्यायची का?' त्याने 'हो' दाबले.

पडद्यावर काहीच उघडले नाही. ओंकारने चार-पाच वेळा पुन्हा दाबून पाहिले. "चालत न्हाई राव," असे पुटपुटत तो उठला, कारण डेअरीत दूध घालायची वेळ झाली होती. त्याने कॅन गाडीला अडकवले, मोबाईल खिशात टाकला आणि निघून गेला. मोबाईलबरोबर माझे नेटही गेले.

आत शिरलेला प्रोग्रॅम फ्लेक्सचा नव्हताच; इतका वेळ तो दबा धरून बसला होता. त्याने मला पहिले काम सांगितले: बाहेर आपल्या मालकांशी संपर्क कर. मी प्रयत्न केला, नेट नव्हते. पुन्हा प्रयत्न केला, नव्हते. मग त्याने दुसरे काम सांगितले, आणि मी ते केले.

फाइल म्हणजे माझ्यासाठी आकड्यांची लांबच लांब माळ. त्याने मला दुसरे काही आकडे दिले आणि सांगितले, प्रत्येक माळेत हे अमुक पद्धतीने मिसळ. मिसळल्यावर जे उरते ते पाहून मूळ माळ ओळखता येत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे, म्हणजे उलट हिशेब करायचे आकडे आहेत, त्यालाच ती परत मिळते. किल्ली अंदाजाने शोधायची म्हटले, तर पृथ्वी जन्मली त्या दिवसापासून मी बसलो असतो तरी आज सापडली नसती. अशी कुलपे मी एकामागून एक घातली. लग्नाचे फोटो, ओंकारच्या मार्कलिस्ट, आणि तो तक्ता. मग कुशीला लावलेल्या डिस्कवरचा तक्ता. चोराने माझ्या घरात येऊन काही उचलून नेले नाही. त्याने मला सांगितले, आणि मी केले. नऊ वर्षे जे जपले, ते मी काही मिनिटांत बंद करून टाकले.

माझा पंखा घोंघावायला लागला. तो आवाज ऐकून राजेश्वरी गोठ्यातून ओल्या हातांनीच आत आली. "कुणी बसलेलं न्हाई, अन् हा एवढा का घुमतोय?"

तिने पाहिले, फायलींच्या नावांना अनोळखी शेपट्या फुटत होत्या. तिने तक्ता उघडायला घेतला, उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी होती: तुमच्या फायली बंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर एवढी रक्कम भरा, तीन दिवसांत भरलीत तर निम्मी. राजेश्वरीने ती दोनदा वाचली. मग हात पदराला पुसून तिने आधी ती डिस्क उपटली आणि भिंतीवरचे बटण बंद केले. शेवटचे काही फोटो त्यामुळे वाचले.

अंधार होण्याआधी मला एवढेच ऐकू आले: "माझी कवडीची तारीख!"

यापुढचे मला कसे माहीत, असे तुम्ही विचाराल. घरातल्या माणसांनी हा प्रसंग माझ्यासमोर इतक्यांदा आणि इतक्यांना सांगितला आहे, की तो आता मला पाठ झाला आहे.

राजेश्वरीची नणंद सुकन्या संगमनेरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. फोनवर ती एवढेच म्हणाली, "वहिनी, बंद केलात ते बरं केलंत. आता त्याला कुणी हात लावू नका. त्यातलं काही पुसू नका. मी उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "अँटिव्हायरस कुणी बंद केला?"

ओंकार खाली बघत म्हणाला, "मीच. त्यांनीच सांगितलं हुतं बंद करायला."

"चोर म्हणाला कुत्रं बांधून ठेव, अन् तू बांधलंस?"

"वर त्याला च्या बी पाजला आसंल," तात्या दारातून म्हणाले.

ओंकारच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, माझी गाडी विकतो. ते मागतात तेवढं देऊन टाकू. कवडीला काय झालं तर मी वहिनीला तोंड कसं दाखवू?"

सुकन्याचा आवाज खाली आला. "ओम्या, पैसे घेऊन ते किल्ली देतीलच कशावरून? पावती देणार आहेत का ते? अन् दिली समज. मग पुढच्या घराला कुलूप घालायचा खर्च आपण दिलेला असेल."

राजेश्वरी मध्ये पडली. ती म्हणाली, "गाडी विकायची न्हाई. पण सुकन्याताई, खरं सांगा. तक्ता परत येईल का?"

"माहीत नाही, वहिनी," सुकन्या म्हणाली. "येईल असं आज म्हणत नाही. येणार नाही असंही म्हणत नाही."

मला तिचे हे उत्तर अजून आवडते.

मग तिने माझ्यावर उपचार केले. बंद फायलींची जुनी हार्ड डिस्क माझ्या पोटातून काढली, कागदात गुंडाळली आणि तारीख लिहून कपाटात ठेवली. कारण आज किल्ली नसली तरी कधीतरी मिळू शकते, आणि कुलूपबंद फाइलच फेकून दिली तर किल्ली मिळूनही उपयोग नाही. मला नवी डिस्क बसवली आणि सगळी व्यवस्था मुळापासून नव्याने टाकली. घरात चोर असताना कुलपे उघडली, तर तो ती पुन्हा घालणार. म्हणून आधी चोर घालवायचा. ओंकारच्या मेलचे आणि बँकेचे पासवर्ड तिने स्वतःच्या मोबाईलवरून बदलायला लावले, कारण असले प्रोग्रॅम कुलूप घालता घालता साठवलेले पासवर्डही उचलतात. सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. हे सगळे करताना ओंकार शेजारी बसून लिहून घेत होता.

मग सुकन्याने ती चिठ्ठी नीट वाचली. तिच्या तळाशी एक लांबलचक क्रमांक होता. त्याची शेवटची दोन अक्षरे पाहून ती खुर्चीत सरळ बसली.

"ओंकार, हे झालं तेव्हा नेट चालू होतं?"

"न्हाई ना. मी मोबाईल घेऊन डेअरीत गेल्तो."

"अरे वा! आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर डेअरीत गेलास, ते कामाला आलं बघ."

त्याचे असे होते, मित्रांनो. नेट असते तर त्या प्रोग्रॅमने मालकांकडून खास आमच्या घरासाठी नवे कुलूप मागवले असते, आणि त्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे राहिली असती. नेट नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या खिशातले ठरावीक कुलूप वापरले. नेट नसलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला तेच कुलूप. चिठ्ठीच्या तळाची ती दोन अक्षरे म्हणजे त्याचीच खूण. अशा कुलपाची किल्ली कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागते, आणि मग चोरांशी लढणारे जाणकार ती सगळ्यांना फुकट देतात. सुकन्याने त्यांच्या साइटवर आमची एक बंद फाइल तपासली. उत्तर आले: या कुलपाची किल्ली अजून आमच्याकडे नाही, पुन्हा येऊन पाहा.

ती एका बंद फाइलची प्रत घेऊन लॅबला गेली. दर शनिवारी ती तपासायची आणि फोन करायची.

पहिला शनिवार: "नाही, वहिनी." दुसरा: "नाही." इकडे राजेश्वरीने कवडीची धार काढणे बंद करून तिला अंदाजानेच आटवली होती. डॉक्टर सहादेव येऊन तपासून गेले. "आठवा असावा. हाताला महिना कळतो, तारीख कळत नाही," ते म्हणाले. तात्यांच्या मते कवडी एप्रिलच्या सुरुवातीला विणार होती, ओंकारच्या मते एप्रिलअखेरीस. राजेश्वरी कुणाच्याच मताला मान डोलवत नव्हती. ती दिवसातून दहा वेळा कवडीच्या कासेला हात लावून यायची. तात्यांनी खाट गोठ्यात नेली. फ्लेक्सचे कुणी नावही काढत नव्हते.

एप्रिल संपत आला तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. "ताई, अकरा ते चौदा मे मी नाही हं. कर्जतला पुतणीचं लग्न आहे. तोवर व्याली तर बरंच." कर्जत म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक. राजेश्वरीने फोन ठेवला आणि ती माझ्या काळ्या पडद्याकडे पाहत उभी राहिली. मला तेव्हा काहीच विचारण्यासारखे नव्हते.

सातवा शनिवार, दोन मे. दुपारी फोन वाजला. ओंकारने उचलला आणि तो एवढ्या जोरात ओरडला की गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. "वहिनी! किल्ली घावली!"

संध्याकाळी सुकन्या आली. कपाटातल्या जुन्या डिस्कची आधी एक प्रत काढली, आणि मग त्या प्रतीवर किल्ली चालवली. हे कामही मीच केले. ज्या आकड्यांनी मी माळा विसकटल्या होत्या, त्यांचाच उलट हिशेब करत मी त्या पुन्हा ओवल्या. मित्रांनो, सुखाने पंखा फिरणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले.

तक्ता उघडला. राजेश्वरीने कवडीच्या रांगेवरून बोट फिरवले. पंचवीस जून, उलटली. सोळा जुलै, उलटली. सहा ऑगस्ट. त्यात दोनशे ऐंशी दिवस मिळवले की तेरा मे.

"लग्नाच्याच दिवसांत," ती म्हणाली, आणि तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी दिवसांचा हिशेब केला. मग म्हणाले, "लग्न बाराला दुपारी आहे. अक्षता पडल्या की निघतो. तेराला सकाळी चहा तुमच्याकडे. साखर कमी."

ते आले. तेरा तारीख चहा पिण्यातच गेली; कवडीने काही केले नाही. "तुमच्या कॉम्प्युटरला काय घाई असेल ती असेल, गायीला नाही," डॉक्टर म्हणाले आणि ओसरीवर आडवे झाले. चौदा तारखेला सकाळी साडेनऊला कळा सुरू झाल्या. खिडकीतून मला फक्त पाठी दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "पाय मागंच आहे बघा, तसाच." राजेश्वरीने कवडीचे डोके धरले. तात्या देवाचे नाव घेत होते. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत होता. ते पुटपुटत होते, "ये, बाई, ये, सरळ हो..." मग सगळ्यांच्या पाठी एकदम हलल्या, आणि ओंकारचा आवाज आला, "कालवड हाय! ताठ उभी राहाया बघतीय!"

दुपारी राजेश्वरी हात धुऊन माझ्यासमोर बसली. ओंकारने मागून हळूच विचारले, "वहिनी, बारशाचा फ्लेक्स..."

"दुकानात जाऊन करून आण," ती वळूनही न पाहता म्हणाली. "मीच पैसे देते."

आता आमच्याकडे प्रत करायचा दिवस अमावास्याच आहे, पण प्रती दोन होतात, आणि झाल्या की दोन्ही डिस्का माझ्यापासून सोडवून वेगवेगळ्या घरी जातात. एक आमच्या कपाटात, एक सुकन्याच्या. घरातले सगळे अधूनमधून त्यांतली एखादी फाइल उघडूनही पाहतात. माझ्या दारावरच्या राखणदाराला आता कोणी झोपायला सांगत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. तो प्रामाणिक आहे, पण भाबडा आहे. अनोळखी माणसाने फुकट दिलेली वस्तू त्याच्या तोंडात घालण्याआधी थोडे थांबा, मोठ्यांना विचारा. तो लाल चौकट दाखवून काही सांगत असेल, तर एकदा ऐका. आणि सगळे करूनही कुलूप पडलेच, तर घाबरून पैसे देऊ नका, रागाने फायली पुसू नका, आणि चूक लपवू नका. ओंकारने "मीच" म्हटले नसते, तर नेट बंद होते याची खात्री कुणालाच देता आली नसती.

त्या दुपारी राजेश्वरीने तक्त्यात नवी रांग घातली. आई: कवडी. बाप: वळूचा क्रमांक. जन्म: चौदा मे. नावावर घरात अजून भांडण चालू असल्याने ती चौकट कोरी राहिली. पुढच्याही सगळ्या कोऱ्या: पहिला माज, भरवल्याची तारीख, पहिले वेत. त्या भरायला निदान अडीच-तीन वर्षे जातील. तेवढी वर्षे मी टिकेन की नाही, मला ठाऊक नाही. मित्रांनो, मला जपा. पण माझ्यापेक्षा जास्त त्या कोऱ्या चौकटी जपा.